दुसऱ्या शिंकेची वाट

मुकुंदराव पाटणकरांना सर्दी झाली, तीही नेमकी रक्तदान शिबिराच्या दिवशी. ही बातमी घराबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी सकाळीच बायकोला बजावलं.

"अहो, पण नाक टोमॅटोसारखं झालंय," लीलाताई म्हणाल्या.

"ऊन लागलं म्हणून सांग."

"फक्त नाकाला?"

मुकुंदरावांचं दुःख समजून घ्यायला हवं. महिनाभर ते घडियाळी पोळमध्ये, त्या जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत, दारोदार फिरले होते. नियमित रक्तदान केलं की आपसूक तपासणी होते, हिमोग्लोबिन कळतं, बीपी कळतं, असं सगळं खरंखरं सांगता सांगता उत्साहाच्या भरात ते एक वाक्य जास्तीचं बोलून गेले होते: "मला बघा! इतकी वर्षं रक्त देतोय. सर्दी नाही, पडसं नाही!" आणि लोकांनी बरोब्बर तेवढंच वाक्य लक्षात ठेवलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या. लोक आले होते, पण खुर्च्यांना चिकटून बसले होते. डॉक्टर कांचनबेननी दोनदा घड्याळ पाहिलं. "कोई नथी आवतुं, कोणी येतच नाही, तर आम्ही आटपतो हां, मुकुंदभाई."

तेवढ्यात शेजारचे विश्वासराव उठले. पोळमधला सगळ्यात शंकेखोर माणूस! ते खाटेवर झोपले की बाकीचे झोपणारच. मुकुंदरावांचे डोळे भरून आले. नाकही. विश्वासरावांनी पाऊल उचललं आणि...

"हाऽऽक्छी!"

विश्वासराव जागच्या जागी बसले. "छींक आली. आता नाही जायचं."

"अहो, धूळ आहे हॉलमध्ये! जा तुम्ही!"

"एक शिंक आडवी जाते, मुकुंदभाई. दोन आल्या तर शुभ. अजून एक शिंका, लगेच जातो."

सकाळपासून जी आवरत नव्हती, ती शिंक आता येईना. मुकुंदरावांनी ट्यूबलाइटकडे टक लावून पाहिलं. रुमालाचं टोक नाकात घातलं. अख्खा हॉल त्यांच्या नाकाकडे डोळे लावून बसला.

"अगदीच थंड पडलंय की नाक!" खुर्च्यांच्या रांगेतल्या मोहनाकाकूंनी पिशवीतून तपकिरीची डबी काढली. "घ्या, ओढा चिमूटभर."

मुकुंदरावांनी ओढली. "हाक्छी!"

"दोन!" हॉल ओरडला. विश्वासराव उठले.

"हाक्छी!"

"तीन!" विश्वासराव बसले.

"हाक्छी!" उठले. "हाक्छी!" बसले. आता त्यांच्यामागे सगळी रांगच उठत-बसत होती.

कांचनबेन धावत आल्या. "आ शुं चाले छे? रक्तदान आहे की उठाबशा? शरदी कोणाला झालीय?"

सगळी बोटं एकाच दिशेला गेली.

"मुकुंदभाई, शरदीत रक्त नाही देता येत. दुसऱ्यांना पण लागेल. घेर जाओ."

"एक मिनिट," विश्वासराव म्हणाले, "नियमित रक्त दिलं तर सर्दी होत नाही ना?"

"होते ना! रक्तदानाचा नि शरदीचा काय संबंध? कोणी सांगितलं तुम्हाला?"

बोटं पुन्हा त्याच दिशेला गेली.

मुकुंदराव बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. चालले सगळे घरी! महिनाभराची पायपीट गेली, अब्रू गेली, आणि नाक तर केव्हाच गेलं होतं. त्यांना मागे वळून बघवेना.

बऱ्याच वेळाने विश्वासराव बाहेर आले. कोपराच्या खळगीत कापूस, हातात बिस्कीट.

"तुम्ही... दिलंत?"

"मग! सगळेच देतायत. खाटा कमी पडल्या आत."

"पण सर्दीचं ऐकूनही?"

"अहो, ती बाई खरं बोलली, तिथेच विश्वास बसला. आणि शिंकणारा माणूस बाहेर गेला. आता अडचण कसली?" विश्वासरावांनी छाती फुगवली. "हिमोग्लोबिन चौदा! बीपी फर्स्ट क्लास! आजवर माहीतच नव्हतं. तुम्ही पण तब्येत साचवा, जरा जपा, मुकुंदभाई. या वयात नियमित रक्त द्यायला हवं माणसाने."

उत्तर द्यायला मुकुंदरावांनी तोंड उघडलं, तोंड उघडंच राहिलं, डोळे मिटले...

"मुकुंदभाईंची शिंक थांबवा!" आतून कुणीतरी किंचाळलं. "मोहनाकाकू उठल्यात रक्त द्यायला!"

मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि घराकडे धूम ठोकली.