डाव्या फुफ्फुसाची हरकत

आमच्या रुग्णालयात हृदय बदलायचं असेल तर आधी फुफ्फुसांची लेखी संमती घ्यावी लागते. ती घेण्याचं काम माझ्या टेबलावर आहे. मी सुमन इंगवले, संमती कक्षाची वरिष्ठ लिपिक. अठरा वर्षं हेच करते आहे, आणि एक सांगते, फुफ्फुसांइतका मानी अवयव दुसरा नाही.

पद्धत सोपी आहे. डॉक्टर पेशंटच्या मानेतल्या शिरेतून बारीक नळी आत सोडतात. ती हृदयातून पुढे जाते आणि फुफ्फुसांच्या दाराशी थांबते. तिथला रक्ताचा दाब पडद्यावर दिसतो, आणि फुफ्फुसांना काही म्हणायचं असेल तर ते नळीतूनच ऐकू येतं. दाब तिसाच्या खाली असला की संमती. वर असला की हरकत. हरकत असताना नवीन हृदय बसवलं तर फुफ्फुसं त्याचं रक्त आत घेत नाहीत, आणि बिचारं पाहुणं पहिल्याच दिवशी दमून बसतं.

अण्णासो कोरवी श्रावणात आले. वय छप्पन्न, लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. आता चार पायऱ्यासुद्धा चढवत नव्हत्या. हे हृदय दिवाळी बघणार नाही, असं डॉ. शेंडुरेंनी स्वच्छ सांगितलं होतं. दाब निघाला बावन्न.

त्यांच्या बायको आक्काताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "बाई, सही मिळंल न्हवं?"

"मिळेल. बसा तुम्ही," मी म्हटलं. आणि कोरं संमतीपत्र पुढे ओढलं.

मी नळीतून रीतसर विचारणा केली. उजव्या फुफ्फुसाने लगेच होकार दिला. "आमचं काय? कोन का येईना, रगत येळंवर धाडलं म्हंजी झालं." उजवं मोठं, तीन कप्प्यांचं. थोरल्याने सही केली की धाकट्याची धरायची, ही आपल्याकडची जुनी सवय. मी "दोघांच्या वतीने" असं लिहून फाईल वर पाठवली.

दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. दाब अजून बावन्नच होता. डॉक्टरांनी हुंगायचं औषध देऊन पाहिलं. त्याने भलीभली फुफ्फुसं नरमतात. उजवं तर पेंगायला लागलं. डावं जागचं हललं नाही.

"तुमची हरकत काय आहे?" मी विचारलं.

"मला कुनी इचारलं?" डावं म्हणालं.

चूक माझीच होती. मी माफी मागितली. ते थोडं निवळलं.

"जागा माजी हाय, बाई. थोरल्याला तीन कप्पं, मला दोन. का? तर ह्या हृदयाला बसायला जागा पायजे म्हनून आईच्या पोटातच मी सरकून घेतलं. छप्पन्न वर्सं भिताडाला भिताड लावून ऱ्हायलो. ती जागा मी त्येला दिल्ती. दुसऱ्या कुनाला न्हाई."

"पण ते थकलंय हो. त्याच्याने आता होत नाही."

"म्हनून भाईर काढायचं? मी सही केली की तुमी त्येला काढनार. मी करत न्हाई."

मी नियमावली काढली. जागा दुसऱ्याच्या नावे करायची तर आधी राहत असलेल्याचा अर्ज लागतो, असं कलम निघालं.

डॉक्टर वैतागले. "इंगवले बाई, त्या हृदयाला धडधडायचं त्राण नाही, आणि ते अर्ज लिहिणार?"

"दोन ओळींचा तर आहे," मी म्हटलं.

नळी थोडी मागे, हृदयात घेतली. हृदय एका ठोक्याला एक अक्षर सांगत होतं, मध्ये बरेच ठोके चुकत होते. सकाळी बसलेली मी दुपारच्या चहाला उठले. अर्ज असा होता:

"विषय : जागा सोडण्याबाबत. डाव्या, तू सरकून घेतलंस, लई उपकार झालं. येनारा परका हाय, त्येला बी घे. अण्णाला अजून वाजवायचंय."

मी तो डाव्याला वाचून दाखवला. पडद्यावर बावन्नाचे अठ्ठेचाळीस झाले, मग एकेचाळीस, मग तेहेतीस. तिथे बराच वेळ अडलं. आक्काताई दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरसुद्धा खुर्ची सोडून उभे राहिले. मग सव्वीस.

"कुटं करायची सही?" डाव्याने विचारलं.

नवीन हृदय घटस्थापनेच्या दिवशी आलं. कागद माझ्या बाजूने पूर्ण होते.

तीन महिन्यांनी अण्णासो तपासणीला आले ते जिना चढून, काखेत क्लॅरिनेट घेऊन. नर्सबाईंनी आग्रह केला म्हणून त्यांनी व्हरांड्यात उभं राहून एक गत वाजवली. सगळा वॉर्ड बाहेर आला. आक्काताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही रडले, लपवत नाही.

"काय काळजातून वाजवतात हो!" नर्सबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी तपासणीच्या नळीतून डाव्या फुफ्फुसाची लेखी तक्रार आली. आताचं काळीज येऊन तीन महिने झाले आहेत. माणूस चांगला आहे, शेजार ठीक आहे, पण त्याला यातला सूर कळत नाही. वाजवणारं काळीज गेलं. तरी कौतुक त्या जुन्याच्या नावावर लावावं.

तक्रार रास्त होती. मी आवक क्रमांक घातला आणि नर्सबाईंना बोलावून त्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली.