सभापतींची आणीबाणी

गावसभेच्या जेवणासाठी आणलेलं बीन्सचं मडकं ऑर्विल टॅगर्टच्या हातून निसटलं ते नेमकं सभागृहाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. मडकं फुटलं, मेपलच्या पाकात शिजवलेले बीन्स एकेक पायरी उतरत खाली आले, आणि त्याची बायको लोईस हिच्या तोंडून जे शब्द निघाले ते ऑर्विलने उभ्या संसारात ऐकले नव्हते.

"हात थरथरत होते गं," तो म्हणाला.

"का थरथरत होते? ट्रकमध्ये बातम्या लावल्यास ना? खरं बोल."

ऑर्विल मडक्याची खापरं गोळा करू लागला. पोटदुखीवर डॉक्टरने त्याला एकच पथ्य सांगितलं होतं, बातम्या बंद. लोईसने स्वयंपाकघरातला रेडिओ पिठाच्या डब्यामागे दडवला होता. पण ट्रकमधला रेडिओ ट्रकमध्येच होता, आणि बायको शेजारणीशी बोलायला उतरली तेवढ्यात ऑर्विलने बातम्या ऐकून घेतल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांनी आणखी एका हुकमावर सही केली होती. संसदेला विचारलं नव्हतं, राज्यांना विचारलं नव्हतं. आणीबाणी आहे, एवढंच कारण. कसली आणीबाणी, हे बातम्या देणाऱ्या बाईलाही नक्की माहीत असावं असं तिच्या आवाजावरून वाटत नव्हतं.

ऑर्विलला दुसरा कसला हुकूम असता तर एवढा घोर लागला नसता. पण त्याची नात केंड्रा राज्याच्या राखीव सैनिकांत होती. पूर आला की वाळूची पोती रचायची, बर्फात अडकलेल्यांना बाहेर काढायचं, म्हणून पोरीने नाव दिलं होतं. आता तिला बंदूक घेऊन कुठल्या तरी लांबच्या शहरात, आपल्याच माणसांसमोर रस्त्यावर उभं करणार अशी चिन्हं होती. "आजोबा, बॅग भरून ठेवा म्हणालेत," असं तिने फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून ऑर्विलचं पोट ठिकाणावर नव्हतं.

म्हणूनच त्याच्या कोटाच्या खिशात ठरावाचा कागद होता. पार्टरिज मिल्सच्या गावसभेने म्हणावं की एका माणसाने देश आपल्या मर्जीने हाकावा, हे आम्हाला मान्य नाही. या ठरावाने वॉशिंग्टनमध्ये पानही हलणार नाही, हे जन्मभर दुधाचा टँकर चालवलेल्या ऑर्विललाही कळत होतं. पण ही गावसभा देशाला राष्ट्राध्यक्ष मिळायच्या आधीपासून दर मार्चमध्ये भरत होती. ती बोलली, तर निदान केंड्राला ऐकू जाईल की गाव तिच्या पाठीशी आहे.

ऑर्विल झाडू आणायला वळला आणि त्याच वेळी क्लिफर्ड पायऱ्या चढू लागला. क्लिफर्ड म्हणजे गावसभेचा कायमचा सभापती. हातात लाकडी हातोडा, नजर वर, रुबाब नेहमीचा. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय बीन्सवर पडला आणि सभापती दाणकन खाली आपटले. मनगट मोडलं. त्याला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीच्या खिडकीतून त्याने हातोडा बाहेर काढला आणि म्हणाला, "सभा वेळेवर सुरू करा."

आत सगळं गाव घडीच्या खुर्च्यांवर बसलेलं. सभापती कुणाला करायचं, यावर कुजबूज चालली होती. शेवटी ड्वेन पॅकेट उठला. हा गावाच्या रस्त्यांचा मुकादम, आवाज त्याच्या यंत्रांसारखाच, आणि त्याच्या अंगणात राष्ट्राध्यक्षांच्या नावाची पाटी निवडणूक संपली तरी अजून उभी.

"ज्यानं सांडलं त्यानंच निस्तरावं," ड्वेन म्हणाला. "मी ऑर्विलचं नाव सुचवतो."

सभागृह हसलं. कुणीतरी दुजोरा दिला. ऑर्विल "अरे नको, मला बोलायचंय, मला ठराव..." असं म्हणेपर्यंत 'हो'चा एकच गलका उठला आणि हातोडा त्याच्या हातात आला.

गावची चिटणीस विनिफ्रेड त्याच्या शेजारी बसली होती. ती चष्म्यावरून बघत हळूच म्हणाली, "लक्षात आहे ना? सभापतीनं बाजू घ्यायची नाही. भाषण नाही, ठराव मांडायचा नाही. मतसुद्धा नाही."

"मग मी इथं करू काय?"

"वेळेवर जेवायला सोड. बास."

ऑर्विलने विषयपत्रिका पुढे ओढली. त्याचा ठराव 'इतर कामकाज' या सदरात, म्हणजे सगळ्यात शेवटी येणार होता. आणि बाहेर ऊन पडलं होतं. रात्रभर कडाक्याची थंडी आणि सकाळी ऊन, म्हणजे मेपलच्या झाडांतून रस धो धो वाहणार. तो रस आटवून पाक करायच्या भट्ट्या असलेले लोक आत्ताच खिडक्यांकडे बघत होते. जेवण झालं की निम्मं गाव झाडांना लावलेल्या बादल्यांकडे धावेल आणि ठराव रिकाम्या खुर्च्यांपुढे मांडावा लागेल. जे काही करायचं ते जेवणाआधी.

पहिला विषय रस्ते सपाट करायच्या यंत्राचा. जुनं दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? या विषयावर पार्टरिज मिल्समध्ये मत नसलेला माणूस नव्हता. ज्यांच्याकडे मत नव्हतं त्यांच्याकडे आठवणी होत्या. एका आजीबाईंनी त्यांच्या लग्नाची वरात चिखलात कशी रुतली ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. वरात चर्चच्या अलीकडेच होती आणि घड्याळ पुढे चाललं होतं.

ऑर्विलने हातोडा हाणला. "यापुढे एका माणसानं एकदाच बोलायचं. तेही थोडक्यात."

असा नियम नव्हता. पण लोकांनाही वरातीचा कंटाळा आला होता, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलला बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदाच पोटातला पीळ जरा सैल झाला. यंत्राचा निकाल लागला.

पुढचा विषय वाचनालयाच्या छपराचा. "याला कुणाचा विरोध असणार?" ऑर्विल म्हणाला. "गळकं छप्पर कुणाला हवंय? मंजूर." आणि हातोडा.

"तू 'नाही'वाल्यांना विचारलंच नाहीस," विनिफ्रेड पुटपुटली.

"कोण म्हणणार होतं नाही?"

"ते विचारल्यावर कळतं, ऑर्विल."

पण ऑर्विलचं लक्ष घड्याळाकडे होतं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या डुकराच्या मांडीचा वास येऊ लागला होता. माणसं खुर्च्यांवर चुळबुळत होती. मधे अजून ड्वेनचा विषय होता, डोंगराकडच्या रस्त्याखालची मोरी. मोरी म्हटल्यावर ड्वेन उभा राहणार आणि नळाच्या रुंदीपासून सुरुवात करणार, हे उघड होतं.

"मोरीचा विषय जेवणानंतर," ऑर्विलने जाहीर केलं. "आता 'इतर कामकाज' आधी घेऊ."

ड्वेन उठलाच. "सभापतीमहाराज, विषयांचा क्रम पत्रिकेत छापलाय. महिनाभर आधी. तो कुणी बदलला?"

"मी बदलला."

"कुठल्या अधिकारात?"

सभागृह बघत होतं. घड्याळ चालत होतं. केंड्राची भरलेली बॅग ऑर्विलच्या डोळ्यांसमोर आली, आणि तोंडातून शब्द बाहेर पडला.

"आणीबाणी आहे."

"कसली?"

"वेळेची!"

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. ऑर्विलने तिकडे हातोडा रोखला. हातात हातोडा असला की तो रोखावासा वाटतो, हे त्याला आजच कळत होतं. त्याने खिशातला कागद काढून विनिफ्रेडपुढे सरकवला. "मी मांडू शकत नाही ना? तू वाच."

"मी? मी चिटणीस आहे, ऑर्विल."

"वाच म्हणतो ना!"

विनिफ्रेडने कागद असा वाचला, जसं काही ती दुसऱ्याच्या परसातलं मेलेलं मांजर उचलत होती. एका माणसाच्या मर्जीवर देश चालू नये... राष्ट्राध्यक्षांनी लोकांच्या प्रतिनिधींना डावलू नये... आणीबाणीचं निमित्त करून नियम मोडू नयेत... या ओळीला तिचा आवाज जरा अडखळला आणि तिने चष्म्यावरून सभापतींकडे पाहिलं. सभापती घड्याळाकडे बघत होते.

"मला यावर बोलायचंय," ड्वेन म्हणाला.

"तू मघाशी बोललास. एकदाच बोलायचं ठरलंय."

"मी यंत्रावर बोललो! यावर कुठं बोललो?"

"खाली बस, ड्वेन."

"तू मला गावसभेत खाली बसवतोस? माझ्या आज्याच्या आज्यानं या सभागृहाची लाकडं तासलीत!"

"बस खाली! मतदान घेतो. ठरावाच्या बाजूचे?"

'हो' आला, पण मिळमिळीत. लोक ठरावाविरुद्ध होते असं नाही. ते गोंधळले होते.

"विरोधात?"

'नाही' असा आला की खिडकीची तावदानं हादरली. त्यात ड्वेनचा आवाज एकट्याचाच दहा जणांचा होता.

ऑर्विलने दोन्ही ऐकलं. चांगलं स्वच्छ ऐकलं. हातोडा वर गेला, आणि खाली येताना तो म्हणाला, "ठराव मंजूर."

बाहेर पन्हाळीतून ठिबकणारं बर्फाचं पाणी तेवढं ऐकू आलं. मग तिसऱ्या रांगेतली खुर्ची करकरली. लोईस उभी राहिली होती.

"सभापतीमहाराज, तुमच्या निर्णयाला माझी हरकत आहे."

"लोईस," ऑर्विल दबक्या आवाजात म्हणाला, "घरी बोलू."

"घरी कशाला? घरी मी तुला सभापती केलं नाही. सभागृहानं केलंय, सभागृहच बोलेल." तिने गळ्यातला रुमाल घट्ट केला. आवाज चढवला नाही, आणि ऑर्विलला त्याचीच जास्त भीती वाटली. "हा कागद तू केंड्रासाठी लिहिलास. रात्र रात्र जागून. मी पाहिलंय. आता पोरीचा फोन आला की तिला मी काय सांगू? एका माणसानं मनाला येईल तसं वागू नये, असा ठराव एका माणसानं मनाला येईल तसा मंजूर केला, असं?"

ऑर्विलच्या हातातला हातोडा टेबलावर टेकला. आपण सकाळपासून काय काय केलं ते त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली. विरोध विचारला नाही. क्रम बदलला. आणीबाणी. ट्रकमधल्या रेडिओवर हेच तर ऐकलं होतं, फक्त तिथं बीन्स नव्हते.

"हरकतीवर मत घे," विनिफ्रेड म्हणाली. या वेळी कुजबुजत नव्हती.

ऑर्विलने मत घेतलं. सभापतींचा निर्णय फिरवावा या बाजूने 'हो' उठला तो ड्वेनचा, भट्टीवाल्यांचा, वरात अर्धवट राहिलेल्या आजीबाईंचा, सगळ्यांचा.

"विरोधात?"

खोकलासुद्धा नाही.

"सभापतींचा निर्णय... रद्द," ऑर्विल म्हणाला. पण गंमत अशी, की पोटातला पीळ एकदम सुटला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. "ठराव पुन्हा चर्चेला. ड्वेन पॅकेट, बोला. हवं तितकं बोला."

ड्वेन उठला. टोपी काढून हातात घेतली. आता हा ठरावाच्या चिंध्या करणार, ऑर्विलला खात्री होती, आणि त्याला अडवायला हातोडा उचलायचा नव्हता.

"मी त्यांना मत दिलं," ड्वेन म्हणाला. "परत उभे राहिले तर परत देईन. पाटी काढणार नाही. पण केंड्रा टॅगर्टनं दोन वर्षांपूर्वी पुरात माझ्या आईला खांद्यावरून बाहेर काढलंय. तिला इथं आपल्या पुरासाठी ठेवावं, एवढं मलाही कळतं." "फक्त या कागदात एकाच माणसाचं नाव का? आज सकाळी मी डोळ्यांनी पाहिलं, हा रोग कुणालाही होतो. दुधाचा टँकर चालवणाऱ्यालाही. माझी दुरुस्ती लिहून घ्या. 'राष्ट्राध्यक्षांनी' काढा. 'वॉशिंग्टनमध्ये किंवा या सभागृहात खुर्चीवर बसलेल्या कुणीही' असं घाला."

"दुजोरा," लोईस म्हणाली, खुर्चीत बसल्याबसल्याच.

दुरुस्तीवर चर्चा झाली. आजीबाईही बोलल्या, वरात अखेर चर्चमध्ये पोहोचली. स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावून मांडी वाळायला लागली असं सांगितलं, पण सभापतींनी कुणाला अडवलं नाही. ऊन खिडकीतून सरकत पार व्यासपीठापर्यंत आलं तरी भट्टीवाल्यांतला एकही उठला नाही. मग मतदान.

"बाजूचे?"

'हो' छपराला लागला.

"विरोधात?" ऑर्विलने विचारलं आणि थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "कुणी आहे का विरोधात? संकोच करू नका. मागे? दाराशी कुणी? विनिफ्रेड, स्वयंपाकघरात विचारून ये जरा."

"ऑर्विल," ड्वेन ओरडला, "आता जेवायला सोड नाहीतर यावरही हरकत घेतो!"

हातोडा पडला. खुर्च्या सरकल्या. विनिफ्रेडने ठरावाची स्वच्छ प्रत पुढे ठेवली आणि 'सभापती' या शब्दावर बोट ठेवलं. आपल्यालाही लागू असलेल्या त्या ठरावाखाली ऑर्विलने नाव लिहिलं, जरा वाकडं, पण पूर्ण.

जेवणाच्या रांगेत तो सगळ्यांत शेवटी उभा राहिला. लोईस दाराजवळ फोन कानाला लावून बोलत होती.

"हो गं, झाला ठराव. सगळ्यांनी. ड्वेननंसुद्धा," ती सांगत होती. "नाही बाई, राष्ट्राध्यक्षांचं अजून काही जमलं नाही." तिने वळून रांगेच्या टोकाला उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "पण तुझ्या आजोबांना आवरलंय. सुरुवात तर झाली."