चाळीस पावलांचं लाकूड

आमच्या हिएतावारा गावानं देशाच्या शाश्वत आर्थिक वाढीला पाठिंबा दिला तो एका बुधवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. कुणी तोंड उघडलं नाही म्हणून.

आमच्याकडं सभेत बोलायची पद्धत नाही. पटलं तरी गप्प, नाही पटलं तरी गप्प. फारच खटकलं तर शनिवारी सौनात, म्हणजे लाकूड जाळून तापवलेल्या न्हाणीघरात जाऊन, वाफेत बसून, भिंतीकडं तोंड करून पुटपुटायचं. सभेत अध्यक्ष उर्पो विचारतो, "कुणाची हरकत?" मग मनात दहापर्यंत मोजतो आणि लाकडी हातोडी टेबलावर हाणतो. टॉक. झाला ठराव. माझी अडुसष्ट वर्षं अशीच गेली, रस्ताही झाला, पूलही झाला. सवय मोडायचं कारण पडलं नाही.

त्या बुधवारी राजधानीतून सरकारी अधिकारी मिर्वाबाई आल्या होत्या. बाई चांगल्या, हसऱ्या. वेलदोड्याचे पाव दोन खाल्ले, म्हणजे माणूस वाईट नाही. त्यांनी पडद्यावर एक जिना दाखवला. वनाधारित जैव-अर्थव्यवस्थेचं राष्ट्रीय धोरण म्हणे. वरच्या पायरीवर झाडापासून औषधं, त्याखाली कापड, मग फळ्या, मग कागद. आणि पार तळाला, नुसतं जाळणं. जाळणं म्हणजे झाडाचा अपमान, असं बाई म्हणाल्या. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडं बघत राहिलो. अख्खं गाव दर शनिवारी त्या तळाच्या पायरीवर बसतं, तेही अंगावर कपडा नसताना.

ठराव असा, की हिएतावारा आदर्श गाव होणार आणि गावातलं सगळं जळाऊ लाकूड वरच्या पायरीवर जाणार. उर्पोनं हरकत विचारली. मला वाटलं, शेजारचा पाउली बोलेल, त्याच्या खोपीत माझ्या दुप्पट लाकूड. पाउलीला वाटलं, मी बोलेन, कारण माझ्या हेल्मीची कंबर. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. टॉक.

हेल्मी माझी बायको. चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या, आता कोयत्यासारखी वाकून चालते. गोळ्या झाल्या, मलमं झाली. गुण येतो तो एकाच गोष्टीनं. बर्चच्या लाकडावर तापलेली सौना, तापल्या धोंड्यांवर पाणी, आणि पाठीवर डहाळ्यांच्या जुडीचे चार फटके. रविवारी माझ्यापेक्षा उंच दिसते. बुधवारपर्यंत परत कोयता.

सोमवारी ट्रक आला. दोन वर्षं वाळवलेलं लाकूड तासाभरात गेलं. रद्दीसुद्धा वरच्या पायरीवर गेली. माणसं इतकी सभ्य, की जाताना खोपी झाडून गेली आणि घरटी धोरणाचं एकेक पुस्तक ठेवून गेली. एकशे ऐंशी पानं, जाड कागद.

शनिवारी हेल्मी कोट घालून गार सौनात जाऊन बसली. मी शेजारी.

"सभेत काय बोललास, ओइवा?"

"काही नाही."

"आणि बोलला असतास तर काय बोलला असतास?"

मी चुलीचं दार उघडून परत लावलं. म्हटलं, "अजून ठरवतोय."

दुसऱ्या आठवड्यात मी मिर्वाबाईंना फोन लावला. माझ्या मानानं तो मोठाच पराक्रम. बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमची काळजी आम्ही घेतलीय, तुमचंच लाकूड तुम्हाला परत मिळणार आहे. चारशे किलोमीटरवर त्याचा भुगा होईल, भुग्याच्या विटा होतील, विटांना बर्चच्याच कागदाचा खोका मिळेल, आणि खोका घरपोच येईल.

"म्हणजे मी तेच जाळायचं?"

"तेच, पण मूल्यवर्धित."

"मग आधी काय वाईट होतं, बाई?"

बाईंनी लहान मुलाला समजवावं तसं समजवलं. "ओइवा, तुमचं लाकूड खोपीतून चुलीपर्यंत किती चालायचं?"

"चाळीस पावलं."

"चाळीस पावलांत देशाची काय वाढ होणार?"

आमच्यात म्हणतात, काखेत कळसा गावाला वळसा. पण वळशानं गावाची वाढ होते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला, आणि खरं सांगतो, ठेवताना आभारसुद्धा मानले.

सहा आठवडे गेले. हेल्मी आता इतकी वाकली होती, की माझ्याशी बोलताना माझ्या गुडघ्यांशी बोलायची. गुडघेही गप्पच. सातव्या शनिवारी खोका आला. सुरेख विटा, चॉकलेटासारख्या. चुलीत रचल्या, काडी लावली. विझली. दुसरी लावली. विझली. मग चष्मा लावून खोक्यावरची सूचना वाचली. पेटवण्यासाठी प्रथम थोडं वाळलेलं बर्चचं लाकूड वापरावं.

ते थोडं लाकूड त्या विटांत होतं. रानातल्या ओल्या फांद्या आणल्या, त्यांनी नुसता धूर केला आणि हेल्मीला खोकला. तिनं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे गुडघ्यांकडं, आणि घरात गेली. परत आली ती धोरणाचं पुस्तक घेऊन.

प्रस्तावना भडकली. उद्दिष्टांनी धोंडे तापायला लागले. अंमलबजावणीपर्यंत विटांनी जीव धरला, आणि परिशिष्टं यायच्या आत हेल्मी बाकावर सरळ बसली होती. मला म्हणाली, "पुढच्या सभेत बोलायचं. उभं राहून. शपथ घे." मी घेतली.

पुढची सभा आढाव्याची. मिर्वाबाईंनी विचारलं, विटा कशा पेटतात. उत्तर अर्थात कुणी दिलं नाही, पण उर्पोनं कागदावर लिहून दिलं, कारण गावात सगळ्यांनीच तोच उपाय केला होता. बाईंनी कागद वाचला. मला वाटलं, आता लाज वाटेल. बाईंचे डोळे चमकले. स्थानिकांनी स्वतःहून नवं जैव-उत्पादन शोधलंय, असं त्या म्हणाल्या. ठराव मांडला, की दर महिन्याला धोरणाची सुधारित आवृत्ती छापून घरटी चार प्रती द्याव्यात, आणि वाढत्या कागदासाठी गावातली उभी बर्चची झाडंही घ्यावीत.

"कुणाची हरकत?" उर्पो म्हणाला.

आमच्या सौनाच्या दारातलं बर्च माझ्या आईनं लावलेलं. दर वर्षीची जुडी त्याच्याच डहाळ्यांची. हेल्मीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो. गावात असं पूर्वी झालं नव्हतं. खुर्च्या करकरल्या, पाउलीनं टोपी काढली. सगळे माझ्याकडं बघत होते, बाई तर फार प्रेमानं.

"कॉफी चांगली झालीय," मी म्हणालो, आणि बसलो.

टॉक.

हेल्मी दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. आमच्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कंबर मात्र ठणठणीत आहे, तिसरी आवृत्ती दुसरीपेक्षा चांगली जळते. दारातून आता तळं दिसतं, मधे काही नसल्यानं.

तुम्ही हसताय, हसा. इथवर वाचलंत, ट्रक आला, आईचं झाड गेलं, आणि मधे एकदाही "अहो, थांबा" म्हणाला नाहीत. तुमच्या दारात झाड कुठलं आहे, हे मला ठाऊक नाही. विचारून ठेवतो.

कुणाची हरकत?

आठ. नऊ. दहा.

टॉक.