कपाटावरचा प्रयोग

मुलाखत दहाला आणि नऊ वाजले तरी पदवीचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं. बारा वर्षं गणित शिकवल्यावर बाईंना मुख्याध्यापिका व्हायची संधी आली होती. मूळ प्रमाणपत्राशिवाय आत सोडणार नव्हते. बाईंचा पारा चढला होता, कारण कपाटाला नवऱ्याचा हात लागला होता.

नवरा प्रोग्रॅमर. नव्या कामासाठी कोणता डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायची कोणती पद्धत, शिकतोस, असं साहेबांनी विचारून तीन आठवडे झाले होते. एक प्रकार आखलेल्या तक्त्यांचा, दुसरा ज्याचं सगळं त्याच्या गठ्ठ्यात बांधायचा. पठ्ठ्याने एकोणीस व्हिडिओ पाहिले. तरी ठरेना, म्हणून रविवारी घरच्या कागदांवरच प्रयोग केला.

"प्रमाणपत्र कुठंय?"

"तक्त्याप्रमाणे वरचा कप्पा, सात नंबर."

सात नंबरला कुकरचं वॉरंटी कार्ड निघालं.

"अगं हो, रविवारी दुपारीच माझं मत बदललं. तुझ्या गठ्ठ्यात बघ."

गठ्ठ्यात चष्म्याचा नंबर होता, लग्नाचा दाखला होता.

"दाखला माझ्या एकटीच्या गठ्ठ्यात?"

"दोघांकडे ठेवायला दोन प्रती लागतात. हाच तर या प्रकाराचा दोष!"

"दोष कुणाचा ते आल्यावर सांगते! यादी केली होतीस ना?"

"लॅपटॉपवर आहे. तो अपडेट होतोय. तीस टक्के झालं."

बाईंना रडू येईल इतका संताप आला. तेवढ्यात सासूबाई सकाळचं फिरून परतल्या. खोलीभर पसरलेले कागद पाहून त्या मुकाट्याने आत गेल्या आणि गादीखालून एक पाकीट घेऊन आल्या.

"घे तुझं प्रमाणपत्र. यानं कपाट उघडलं तेव्हाच काढून ठेवलं होतं. लहानपणी एक कंपासपेटी निवडताना यानं दुकानदाराला जेवायला जाऊ दिलं नव्हतं."

इतक्यात नवऱ्याचा फोन वाजला. साहेब होते. बाईंनीच उचलला.

"तो तक्त्यांचा शिकणार. ठरलं!"

"वहिनी, उपकार झाले! आमचं अख्खं काम अडलं होतं."

फोन नवऱ्याच्या हातात कोंबून बाई तडक जिना उतरल्या. नवऱ्याने फोन ठेवला आणि तो आईकडे वळला.

"आई, खरं सांगू? एक तिसराही प्रकार आहे. तू जरा कपाट—"

सासूबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, खिडकी उघडली आणि चावी खाली सुनेकडे फेकली.

"सूनबाई, ही घेऊनच जा गं!"