अंबूबाईनं मोजलेली कॉइल

माणसाला नाव विचारायच्या आधी नरसय्या त्याच्या छातीवर बोटानं टकटक करतो. मग डोळे मिटून ऐकतो आणि त्याचा सूर सांगतो. मी सोलापुरात भवानी पेठेत मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं त्याच दिवशी हा उंच, काळाभोर माणूस ओळख ना पाळख सरळ आत आला, माझ्या छातीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ए सूर हाय. जरासा उतरलाय. पण चालतंय."

मी म्हणालो, "अण्णा, मोटार आणलीय का?"

"मोटार कशाला? मी बेस वाजवतो," असं म्हणून तो स्टूल ओढून बसला. त्याला आता वीस वर्षं झाली.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या छातीवर टिचकी मारून नरसय्या एकदा गप्पच झाला. पुन्हा मारली. मग म्हणाला, "ह्याला तळच न्हाय. नुसता वरचा सूर वाजतोय. आजच्या आज दवाखान्यात जावा." दूधवाला शिव्या घालत निघून गेला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या हृदयात दोन नळ्या बसवल्या. तेव्हापासून नरसय्या समोरून आला की गल्लीतली माणसं हातातली पिशवी छातीशी धरून बाजूनं जातात. मी मोटारी बांधणारा माणूस. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, शॉर्ट सर्किटवर आहे. तरी पिशवी मीही धरतो, खोटं कशाला बोलू?

तोंडावर मी त्याला अण्णा म्हणतो, पण माघारी आख्खी पेठ त्याला 'नरसय्या बेस' म्हणते. बेस म्हणजे गिटारीचा थोरला भाऊ. चार जाड तारा, लांब मान. ऑर्केस्ट्रात हा वाजवणारा मागं अंधारात उभा असतो. तो वाजतोय हे कुणाला कळत नाही, आणि थांबला की आमटीत मीठ नसल्यागत होतं. नरसय्यानं चाळीस वर्षं हेच केलं. जत्रा, गणपती, जयंत्या, हळदी, वराती. घराण्याचा धंदा मागाचा, पण हा मागावर कधी बसला नाही. उलट आजोबांचा हातमाग मोडला तेव्हा त्याचं सागवानी लाकूड उचलून त्यानं त्याचा बेस बनवून घेतला. बापानं सहा महिने अबोला धरला होता म्हणे.

गाणं कुठलंही असो, ह्याला फक्त त्यातला बेस ऐकू येतो. गणपतीत मंडळाच्या अंताक्षरीत ह्याला 'ध' आला, तर ह्यानं डोळे मिटून "धुम्, धुधुम्, धुम्" असं सलग तीन मिनिटं गायलं आणि समोरच्यांना 'म' देऊन खाली बसला. लोकांनी गाणं कुठलं म्हणून विचारलं, तर हा चिडला. "आख्खं गाणं म्हणलं की! आणि काय पायजे तुमाला?"

वाद्यांबद्दल तर बोलायलाच नको. एका ऑर्केस्ट्रातला पोरगा परदेशी, चकचकीत, पाच तारांचा बेस घेऊन मुद्दाम दाखवायला आला होता. नरसय्यानं तो उलटा करून बघितला. मागं सेल घालायची खोबणी होती. "सेल टाकून वाजवायचं असंल तर खेळणं घ्यायचं की रे," म्हणाला, आणि परत दिला. त्याच्या लेखी जगात बेस वाजवणारे तीनच. एक त्याचे उस्ताद, आता हयात नाहीत. दुसरा बार्शीचा एक डावखुरा, भीमगीतांच्या पार्टीत नुसत्या अंगठ्यानं वाजवतो. त्याचं नाव निघालं की नरसय्या कानाच्या पाळीला हात लावतो. तिसरा कोण, असं मी वीस वर्षं विचारतोय. "त्यो अजून जन्माला यायचाय," म्हणतो, आणि लाजतो. यावरून काय ते समजा.

पण खरा जीव पिकपवर. पिकप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली कॉइल. केसाहून बारीक तांब्याची तार लोहचुंबकाभोवती हजारो वेढे देऊन गुंडाळायची. वरची तार थरथरली की ह्यात करंट होतो आणि ॲम्पमधून आवाज येतो. माझ्या धंद्याच्या जवळचं काम, म्हणून तो माझ्याकडं येऊन बसायचा. बाकी लोक कॉइल गरम मेणात बुडवून काढतात, म्हणजे वेढे हलत नाहीत. नरसय्या बुडवत नाही. "मेण पाजलं की मुकी होती ती," म्हणतो. त्यात तथ्य आहे. मेण नसलेली कॉइल जवळचा आवाजही पकडते. तिच्याजवळ बोललात तर तुमचं बोलणं ॲम्पमधून येतं, जरा डब्यातून आल्यासारखं.

त्याच्या बेसची कॉइल त्याच्या बायकोनं गुंडाळलेली. अंबूबाई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. पंचवीस विड्यांचा कट्टा, दोरा बांधायचा, की पुन्हा एकपासून. नरसय्याची जुनी कॉइल ऐन सीझनच्या तोंडावर जळली. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की एवढी सराईत बोटं घरात असताना बाहेर कशाला जायचं? हा समोर बसून हँडल फिरवायचा, ती चिमटीतून तार सोडायची आणि मोठ्यानं मोजायची. घरच्या तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू, म्हणजे एक, दोन, तीन. सवयीनं पंचविसावर थांबायची, बाजूला विडीच्या पानाचं एक कातरण ठेवायची आणि पुन्हा ओकटी.

"आठ हजार वेढं सांगितलं व्हतं तिला," नरसय्या रंगात येऊन सांगायचा. "दोन दिवसाचं काम! पण आमची अंबू लई विसरभोळी. मधीच म्हनायची, मोजायचं चुकलं वो. कधी म्हनायची, पानं वाऱ्यानं उडाली. उद्या बसा परत. पंधरा दिवस बसवलं मला! शेवटी किती वेढं झालं ते ना तिला ठाऊक, ना मला."

पण आवाज असा आला, की पुण्याहून माणसं ऐकायला आली. दाट, काळा, पोटात उतरणारा. अनेकांनी आठ हजार वेढे देऊन बघितले, नऊ हजार देऊन बघितले, कुणाला तो जमला नाही. "विसरभोळी बायको लागती त्याला," असं सांगून नरसय्या हसायचा.

अंबूबाई चार वर्षांपूर्वी गेली. छातीचा आजार, तंबाखूच्या धुळीचा. त्यानंतर नरसय्यानं कार्यक्रम घेणं सोडलं आणि काही महिन्यांनी एका दुपारी मला घरी बोलावलं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. त्यानं बेस खाटेवर आडवा ठेवला, केबल लावली, ॲम्पचा आवाज पूर्ण वाढवला आणि तारांवर पंचा टाकला.

"आता ऐका," म्हणाला.

आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या तळाशी बाईचा आवाज. बारीक, डब्यातून आल्यासारखा. ओकटी. रेंडू. मूडू.

माझ्या हातातलं पाणी सांडलं. मग माझं डोकं चालायला लागलं. मेण नसलेली कॉइल आहे, शेजारी कुणीतरी बाई विड्या वळत बसली असणार, तिचा आवाज पकडतेय. मी ताडकन उठून बाहेर गेलो. डावीकडच्या घराला कुलूप. उजवीकडं पडकी भिंत. आख्ख्या गल्लीत एक माणूस नाही. परत आत आलो तेव्हा आकडा इरवै ऐदूवर पोचला होता, म्हणजे पंचविसावर. तिथं आवाज थांबला आणि दोरा तोडल्याचा बारीक 'टुक्' आला. मग पुन्हा ओकटी.

"अण्णा, कॉइल म्हणजे काय टेपरेकॉर्डर आहे का?" मी ओरडलोच. "त्यात काही साठत नाही!"

"मला काय कळतंय त्यातलं," नरसय्या शांतपणे म्हणाला. "दुपारी जेवलो की लावतो. बरं वाटतं."

मी परत त्याच्या घरी गेलो नाही. तोच दुकानात यायचा, टिचक्या मारायचा, पाच तारांना नावं ठेवायचा. मीही तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा त्यानं टिचकी मारली नाही. पंच्यात गुंडाळलेली कॉइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "कांबळे, ती बोलंना झाली."

मी मीटर लावला. काटा हलला नाही. आत कुठंतरी तार तुटली होती. बाहेरच्या टोकाला तुटली असती तर दोन वेढे उलगडून सोल्डरचा डाग दिला असता. पण बाहेरून ठीक होती, म्हणजे तूट आत, मुळाशी. आख्खी कॉइल उलगडल्याशिवाय इलाज नव्हता.

"उलगडली तर जाईल का ती?" त्यानं विचारलं. पासष्टीचा माणूस, आणि आवाज असा की माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना.

"अण्णा, मी तार वाचवेन. बाकीचं मला माहीत नाही."

त्यानं पंचा उचलून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "मुकी ठेवून तरी काय करू? काढा."

माझ्या मशीनला वेढे मोजणारा काउंटर आहे. मी तो शून्यावर आणला आणि दोन दुपारी आम्ही ती कॉइल उलगडली. तार अशी बारीक, की शिंक आली तरी मी बाहेर जायचो. नरसय्या समोर बसून काउंटरकडं बघत होता. आठ हजार झाले. "हां, आता संपंल," तो म्हणाला. नऊ झाले. दहा झाले. तो पुढं सरकला. तूट अगदी शेवटी सापडली, आणि टोक हातात आलं तेव्हा काउंटरवर आकडा होता अकरा हजार चारशे पंचवीस.

"बघा," मी म्हणालो, "सव्वातीन हजारावर जास्त. त्याच्यामुळंच तो आवाज. काय विसरभोळी होती हो वहिनी!"

नरसय्या हसला नाही. त्यानं माझ्याकडून पेन मागितलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार करत बसला. मग पेन ठेवलं.

"पंचविसानं भाग जातो," म्हणाला. "एक वेढा इकडं न्हाय का तिकडं न्हाय. सगळं पुरं कट्टं हायत."

मला समजेना.

"कांबळे, तीस वर्सं विड्या वळल्या तिनं. कारखान्यात तिच्या कट्ट्यात एक विडी कधी कमी भरली न्हाय. मुकादम तिचा माल मोजायचासुद्धा न्हाय, तसाच घ्यायचा. ती मोजायला चुकंल व्हय?" त्यानं आकड्यावर बोट टेकवलं. "मी कवा घरात बसलो? आज बार्शी, उद्या अक्कलकोट. पहाटं यायचं, झोपायचं, उठून जायचं. लगीन झाल्यापास्नं तिच्यासमोर सलग बसलो ते तेवढं पंधरा दिवस. तिला सगळं ठाऊक व्हतं. मला बसवून ठेवलं व्हतं तिनं. आणि मी गावभर सांगत हिंडलो, माझी बायको विसरभोळी."

मला रडू येत होतं आणि मी उगाच कात्री शोधत होतो.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले. "परत गुंडाळा. सगळी. पण हातानं. तार मी सोडतो."

तुटीला डाग दिला, मशीनची मोटार काढून हँडल लावलं. मी हँडल धरलं, तो समोर बसला, चिमटीत तार घेऊन. भर दुपार होती. रस्त्यावरनं रिक्षा चालल्या होत्या. दहा-पंधरा वेढे झाले असतील.

कुणीतरी मोजत होतं. इतकं हळू, की आधी मला वाटलं नरसय्याच पुटपुटतोय. त्याचे ओठ मिटलेले होते. ॲम्प नव्हता, केबल नव्हती, कॉइलचं दुसरं टोक त्याच्या चिमटीत मोकळं होतं. हँडल सोडायचं धाडस मला झालं नाही. इरवै ऐदू. मग दोरा तुटल्याचा 'टुक्'. आणि पुढचा ओकटी येईना. मी हात थांबवला. दुकानात नुसती पंख्याची घरघर.

नरसय्या तारेवरनं नजर न हलवता त्यांच्या तेलुगूत बोलला. इतकी वर्षं पेठेत राहिल्यावर तेवढं मला समजतं.

"विसरलीस न्हवं?" तो म्हणाला. "असू दे. परत पहिल्यापास्नं मोज. मी बसलोय."