नीतीचे गुरुजी

अन्नपूर्णेचं लग्न जुळलं ते एकोणीसशे छप्पनचं साल. तिचे वडील गुणवंतराव चांद्याच्या एका दवाखान्यात नर्सचं शिकणाऱ्या मुलींना नीती शिकवत. रोग्याचं भांडं त्यांनी जन्मात उचललं नव्हतं, पण सेवेवर तासभर बोलत. "रोग्याचं गुपित फोडायचं नाही. आणि जीव गेला तरी खोटं बोलायचं नाही!" उरलेल्या वेळात गावोगाव दारूबंदीवर भाषणं.

व्याही नानाजी पडोलीचे, गळ्यात माळ. "दारू पेनाऱ्याच्या घरची पोरगी आपन करत नाई," हे त्यांनी सुपारी फोडतानाच बजावलं होतं.

अशात गुणवंतराव भाषणाला मोहर्लीला गेले. भाषणानं घसा सुकला. मग पाहुणचारात मोहाची इतकी पोटात गेली, की सकाळी लोकांनी त्यांना बैलबंडीत घालून त्यांच्याच दवाखान्यात आणून टाकलं. पलंगाशी त्यांचीच विद्यार्थिनी, बुधरी.

"बुधरी, कोनाले सांगू नको."

"नाई सांगत, गुरुजी. तुमीच तं शिकवलं."

बायको इंदुताई धावत आल्या. "काय झालं वं यायले?"

"सांगता येत नाई, बाई."

"जिवाले धोका तं नाई ना?"

"रोग्याचं काईच सांगता येत नाई."

इंदुताईंनी तिथेच हंबरडा फोडला. बातमी पडोलीला पोचेपर्यंत गुणवंतराव शेवटच्या घटका मोजू लागले होते. दुपारी नानाजी बंडीत हिरवे बांबू घालून हजर. "ऐनवेळी इथी मिळाले नाई तं?"

खिडकीतून बांबू दिसताच गुणवंतराव ताडकन उठून बसले. "मी मरून नाई राह्यलो!"

"मंग झालं काय?" नानाजींनी विचारलं.

"अपचन! सांग वं बुधरी, अपचन!"

बुधरी रडकुंडीला आली. "खोटं कसं बोलू, गुरुजी?"

नानाजी पलंगाशी सरकले. गुणवंतरावांच्या तोंडाजवळ नाक नेलं, डोळे मिटले. "मोहर्लीची?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. झालं, पोरीचं लग्न मोडलं.

"कोनाच्या भट्टीची जी?" नानाजी कानाशी लागले. "लग्नात आपल्या दोघापुरती आनजा."

लग्न थाटात झालं. मांडवाला बांबू तेच. नीतीच्या परीक्षेत गुणवंतरावांनी बुधरीला नापास केलं. पुढल्या साली ती पास झाली आणि तिथेच नर्स लागली.

गुणवंतराव एकोणीसशे एकोणसाठच्या पौषात त्याच दवाखान्यात वारले. कशानं, ते बुधरीनं कुणालाही सांगितलं नाही.