सरपटत होमपर्यंत

गुडघा बरा झालाय, असं हार्लन व्हॉसबर्ग सगळ्यांना सांगत सुटले होते आणि बैठकीत मुद्दाम उभे राहून बोलत होते. समोर त्यांच्या कॉलेजच्या क्रीडासंचालिका ग्रेचेन ओल्डमायर बसल्या होत्या. गुडघ्याने पुन्हा कुरकुर केली, तर तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावणाऱ्याला होमकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे, पिटाळायचं काम दुसऱ्याला आणि हार्लन यांना बाक, असं बाईंनी बजावलं होतं. त्या जागेवर उभं राहण्यातच हार्लन यांचे केस पांढरे झाले होते.

नेब्रास्कातल्या छोट्या कॉलेजांच्या बेसबॉल प्रशिक्षकांची ही हिवाळी बैठक. ठराव एकच होता: हातात चेंडू नसताना कॅचरने, म्हणजे होमपाशी चेंडू झेलणाऱ्याने, होमची वाट अडवायची नाही, अडवली तर धाव बहाल. धावणाऱ्यानेही धडक द्यायची नाही.

"पोरांची डोकी फुटतायत, कोच," ठराव मांडणारा तरुण प्रशिक्षक व्हिन्स स्कार्पेली म्हणाला.

"मग त्यांना बुद्धिबळ शिकव. अरे, होमकडे नीट घसरत गेलं तर कुणाला खरचटत नाही. नियम कशाला हवाय?"

"बोलणं सोपं आहे."

"बोलत कोण बसलंय?" हार्लन यांनी कोट काढला.

कागदी रुमाल जमिनीला चिकटवून होम तयार झालं. निवृत्त पंच डेलमार टटल कॅचर झाले. चेंडू नव्हता, म्हणून जेवणातल्या चिलीबरोबर, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर, खायला ठेवलेला दालचिनीचा रोल व्हिन्सने उचलला.

"हार्लन, गुडघा?" ओल्डमायरबाईंनी विचारलं.

"कुठला गुडघा?"

फरशी सकाळीच घोटून चकचकीत केली होती. हार्लन धावले, घसरले आणि घसरतच राहिले. व्हिन्सने फेकलेला रोल टटल यांच्या डोक्यावरून थेट चिलीच्या पातेल्यात गेला. तो कुठे पडतोय हे बघत टटल नेमके वाटेत उभे होते. पुढच्या क्षणी दोघेही टेबलाखाली होते. टटल यांच्या कपाळावर टेंगूळ आलं. गुडघ्याचा आवाज मात्र एकट्या हार्लन यांनीच ऐकला. त्यांनी दोन्ही हात डोक्याखाली घेतले आणि कुरणात पडावं तसे पडून राहिले.

"उठताय ना, कोच?"

"घाई काय आहे? इथून सगळं छान दिसतंय."

तेवढ्यात वाद पेटला.

"ही सरळसरळ धडक आहे," एक प्रशिक्षक म्हणाला.

"टटल वाटेत होते," दुसरा म्हणाला.

"कॅचर वाटेतच असतो."

"चेंडू हातात असेल तर. इथे चेंडू चिलीत होता."

शेवटी सगळे टटल यांच्याकडे वळले. सेफ की आउट?

टटल यांनी कपाळावरचा बर्फ बाजूला केला. "दोन्ही नाही. हे होमला शिवले नाहीत. यांना चेंडू लावून कुणी बाद केलेलं नाही. खेळ चालू आहे."

व्हिन्सने पातेल्याकडे धाव घेतली आणि वाढायच्या डावाने रोल बाहेर काढला. हार्लन यांनी ते पाहिलं. पुढचं त्यांनी ठरवलं नाही, अंगाने ठरवलं. ते पालथे झाले आणि कोपरांवर सरपटत, एक पाय मागे फरफटत रुमालाकडे निघाले. ठिबकता रोल घेऊन व्हिन्सने झेप टाकली. रोल पाठीवर आपटला, पण त्याच्या आधी बोटं रुमालाला लागली होती.

"सेफ," टटल यांनी हात पसरले. टाळ्या पडल्या.

हार्लन हसत होते. मग नाकासमोर ओल्डमायरबाईंचे बूट दिसले.

"एक पाय मागे का राहिला, हार्लन?"

हार्लन यांनी मान व्हिन्सकडे वळवली. "व्हिन्स, तुझ्या नियमात मी होमला शिवलो नसतो तर?"

"टटल यांनी वाट अडवली होती, कोच. पडल्या पडल्या सेफ. हलायची गरजच नाही."

पाठीवरच्या चिलीसकट हार्लन यांनी हात वर केला. "माझं मत ठरावाच्या बाजूने. फक्त तो आज जेवणाआधीपासून लागू धरा."

ठराव एकमताने मंजूर झाला आणि पुढच्या वर्षापासून लागू झाला. हार्लन यांचा बाक याच वर्षापासून.